कॉम्प्युटर अचानक बंद पडतो? फॉरमॅट मारण्याआधी हे पाहा

दहावीचा निकाल १३ मे २०२५ ला लागला. त्याच वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच संपूर्ण महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरती होती. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलांना मार्कशीट घेऊन कॉलेजात जायचे आणि तिथे फॉर्म भरायचा, एवढेच ठाऊक. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या उर्दू शाळेच्या ऑफिसात मुलींची रांग लागली. कुणाला सायबर कॅफेत जायची घरून परवानगी नाही, कुणाकडे तिथे द्यायला पैसे नाहीत, आणि घरातला एकमेव मोबाईल अब्बांसोबत कामावर गेलेला.

शाळेत इंटरनेट जोडलेला कॉम्प्युटर एकच. २०१३ साली गावातल्या लोकांनी वर्गणी करून घेऊन दिलेला. आणि तो नेमका त्याच आठवड्यात दर वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडू लागला. ना आवाज, ना सूचना. स्क्रीन काळी, पुन्हा चालू, पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. एका मुलीचा अर्ज तीनदा अर्ध्यावर गेला. चौथ्यांदा ती खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, "रहने दो सर, मैं अगले साल भर दूंगी." तिला दहावीत ८१ टक्के होते.

आम्ही काही इंजिनिअर नाही. बीएड करून वर्गात शिकवणारी माणसे. पण त्या आठवड्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत जे शिकलो ते लिहून ठेवावेसे वाटते. कारण असे कॉम्प्युटर जिल्ह्यात शाळांच्या, मदरशांच्या, मशीद कमिट्यांच्या, पतसंस्थांच्या ऑफिसांत पुष्कळ आहेत. आणि ते बंद पडायला लागले की आपल्याकडे दोनच उपाय सांगितले जातात. एक, "व्हायरस आला असेल, फॉरमॅट मारा." दुसरा, "जुना झाला, नवीन घ्या."

आदल्या वर्षी आम्ही पहिला उपाय करून पाहिला होता. गाडी करून कॉम्प्युटर दुकानात नेला, दुकानदाराने फॉरमॅट मारला, पैसे घेतले. सातवीच्या तीन वर्षांच्या उर्दू प्रश्नपत्रिका त्यात गेल्या. त्या डेस्कटॉपवरच ठेवलेल्या होत्या आणि आम्हाला कुणी विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही. आठ दिवसांनी कॉम्प्युटर पुन्हा तसाच बंद पडू लागला.

कसा बंद पडतो, ते आधी पाहा

आजारी मुलाला घेऊन डॉक्टरकडे गेलो तर डॉक्टर आधी विचारतो, ताप कधी येतो, सकाळी की रात्री, थंडी वाजून येतो का. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण फक्त "बंद पडतो" एवढेच सांगतो. बंद पडण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येक तऱ्हा वेगळ्या भागाकडे बोट दाखवते.

वायर ओढल्यासारखा एका क्षणात बंद होत असेल, तर संशय वीज, यूपीएस, एसएमपीएस किंवा उष्णतेवर. निळी स्क्रीन येऊन त्यावर इंग्रजी मजकूर दिसत असेल, तर विंडोजला काहीतरी खटकले आणि ती स्वतःहून थांबली. बहुतेक वेळा रॅम, हार्ड डिस्क किंवा एखादा ड्रायव्हर. चित्र जागच्या जागी थिजले, माऊस हलत नाही पण आतला पंखा फिरतोच आहे, म्हणजे ज्याला आपण हँग होणे म्हणतो, तर हार्ड डिस्क आणि रॅम आधी पाहायची.

इथे एक फसगत आहे. विंडोजमध्ये अशी सोय असते की निळी स्क्रीन आली की ती आपोआप रिस्टार्ट होते. स्क्रीन डोळ्याला दिसते न दिसते तोच निघून जाते आणि आपल्याला वाटते की वीजच गेली. म्हणून पहिले काम हे करा: "धिस पीसी"वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरी. तिथे "ऑटोमॅटिकली रिस्टार्ट" समोरची बरोबरची खूण काढून टाका. आता निळी स्क्रीन आली तर ती तिथेच थांबेल आणि मोबाईलने फोटो काढता येईल.

दुसरे, विंडोज स्वतःची एक डायरी ठेवते. सर्चमध्ये "रिलायबिलिटी" असे इंग्रजीत टाइप केले की "व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री" दिसते. उघडल्यावर दिवसागणिक तक्ता येतो आणि जिथे लाल फुली, तिथे त्या दिवशी काय बिघडले ते. याहून खोल जायचे असेल तर इव्हेंट व्ह्यूअर. तिथे अचानक बंद पडलेल्या प्रत्येक मशिनवर "कर्नल पॉवर, इव्हेंट ४१" अशी नोंद सापडतेच. ती पाहून बरेच जण म्हणतात, "पाहा, पॉवरचा प्रॉब्लेम आहे, एसएमपीएस बदला." तसे नाही. ४१ चा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट शटडाऊन न होता बंद झाला. का झाला, ते ती नोंद सांगत नाही. पण तिच्या डिटेल्समध्ये "बगचेक कोड" नावाची एक ओळ असते. तिथे ० असेल तर निळी स्क्रीन आलीच नाही, म्हणजे वीज तुटली, मशीन तापून बंद झाले, किंवा हँग झाल्यावर आपणच बटन दाबून धरले. ० सोडून दुसरा आकडा असेल तर निळी स्क्रीन आली होती.

आमच्या मशिनवर सगळीकडे ० होता.

आणि तिसरे, एक साधी वही. तारीख, वेळ, काय चालू होते, कसा बंद पडला. आम्ही हजेरीच्या जुन्या रजिस्टरची मागची पाने वापरली. खरे तर वहीआधीच आमच्या शिपाई चाचांनी निदान केले होते. ते शाळा उघडतात, झाडतात, आणि ऑफिसातला कॉम्प्युटर चालू करून ठेवतात. ते म्हणाले, "सुबह को नहीं होता सर. दोपहर को ही होता है." आम्ही ऐकून सोडून दिले. दोन दिवसांनी वहीत पाहिले तर सकाळी साडेसात ते दहा एकदाही बंद नाही, आणि बारानंतर पाच वेळा. चाचांचे बोलणे त्याच दिवशी मनावर घेतले असते तर त्या मुलीचे तीन हेलपाटे वाचले असते. तिला दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला बोलावले आणि साडेआठपर्यंत तिचा अर्ज भरून झालासुद्धा.

आधी माल सुखरूप हलवा

दुरुस्तीला हात लावण्याआधी जे जपायचे आहे ते बाहेर काढा. प्रश्नपत्रिका, निकालपत्रके, दाखल्यांचे नमुने, मशिदीचा हिशेब, फोटो. दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर, आणि नेट असेल तर गूगल ड्राइव्हवरही. मशीन वीस मिनिटेच चालत असेल तर ती वीस मिनिटे यासाठी वापरा, सफाईसाठी किंवा स्कॅनसाठी नाही. हार्ड डिस्कच दुखणाईत असेल तर मोठा स्कॅन चालवल्याने ती आणखी थकते आणि मग काहीच हाती लागत नाही.

विजेची गोष्ट

आपल्याकडे विजेवर संशय घेणे चुकीचे नाही. घरात २३० व्होल्ट यायला हवेत. उन्हाळ्यात कूलर आणि पंप एकदम चालू झाले की किती येतात ते ट्यूबलाइटच सांगते. वादळ-वारा झाला की डीपीपासून अडचण. जुना एसएमपीएस थोडीफार घसरण सांभाळून घेतो, पण वयानुसार त्याचीही ताकद कमी होते.

यूपीएसची परीक्षा सोपी आहे. कॉम्प्युटर त्यातून काढा आणि साध्या टेबल लॅम्पचा पिवळा बल्ब त्याला लावा. आता भिंतीवरचे बटन बंद करा. बल्ब लगेच विझला तर आतली बॅटरी संपलेली आहे. १२ व्होल्ट ७ अँपियर-अवरची ती छोटी बॅटरी आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त टिकत नाही. संपलेल्या बॅटरीचा यूपीएस हा नुसता एक्स्टेंशन बोर्ड असतो. विजेने डोळा मिचकावला की कॉम्प्युटर बंद.

जवळच्या एका मदरशाच्या ऑफिसातली तक्रार फार मजेशीर होती. रमजानच्या आधी पावत्या छापायला घेतल्या की कॉम्प्युटर बंद पडायचा. नुसते टायपिंग करा, दिवसभर काही नाही. प्रिंट दिली की खलास. त्यांनी दोन वेळा प्रिंटरचा ड्रायव्हर बदलून घेतला होता. जाऊन पाहिले तर लेझर प्रिंटरची पिनही त्याच छोट्या यूपीएसमध्ये. लेझर प्रिंटर कागदावर शाई पक्की करायला आतला रोलर तापवतो आणि त्या क्षणी कित्येकशे वॅट ओढतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच देऊ शकतो. तो बिचारा स्वतःला वाचवायला बंद होत होता. प्रिंटर भिंतीच्या सॉकेटमध्ये लावला, रोग गेला. खर्च शून्य.

एसएमपीएस तपासायचा तर मल्टिमीटर लागतो. आमचा एक माजी विद्यार्थी मोबाईल दुरुस्त करतो, तो आपला घेऊन आला. पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट, लाल वायरवर ५ व्होल्ट, नारिंगीवर ३.३ व्होल्ट. पाच टक्के इकडेतिकडे चालते. म्हणजे १२ च्या जागी ११.४ पर्यंत ठीक, त्याखाली गेले तर बदलायची वेळ झाली. आमचा ११.९ दाखवत होता. एसएमपीएसचा डबा मात्र कुणीही उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा असतो आणि वायर काढल्यानंतरही तो काही वेळ राहतो. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग तपासा, कॉम्प्युटर नंतर.

यवतमाळची उष्णता आणि कापसाची धूळ

आता आमच्या मशिनच्या खऱ्या आजाराकडे येतो.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, नखाएवढी चिप. (आपण सगळे ज्याला सीपीयू म्हणतो तो पूर्ण डबा म्हणजे कॅबिनेट, खरा सीपीयू ही चिप.) ती चालताना तापते. तिच्यावर धातूच्या पात्यांचा एक ठोकळा असतो, हीटसिंक, आणि त्यावर पंखा. चिप आणि ठोकळा यांच्यात पांढरी किंवा करडी पेस्ट असते, जी उष्णता एकातून दुसऱ्यात पोचवते. चिपचे तापमान साधारण १०० अंशांच्या आसपास गेले की ती आधी आपला वेग कमी करते, आणि तरीही भागले नाही तर स्वतःला जळण्यापासून वाचवायला पूर्ण मशीन बंद करून टाकते. वायर ओढल्यासारखे. निळी स्क्रीन नाही, निरोप नाही, बगचेक कोड ०.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जाणे नवे नाही. पत्र्याच्या खोलीत दुपारी हवाच इतकी गरम, की पंखा कॅबिनेटमध्ये जी हवा ओढतो ती आधीच तापलेली. त्यात टेबलाच्या खणात, भिंतीला चिकटून ठेवलेला डबा. वर प्लास्टिकचे कव्हर, "धूळ बसू नये म्हणून". कव्हर घालून मशीन चालवणे म्हणजे मे महिन्यात कुणाला रजई पांघरून बसवणे.

आम्ही मशीन बंद करून, वायर काढून, पॉवरचे बटन एकदा दाबून उरलासुरला करंट जाऊ दिला आणि बाजूचे झाकण उघडले. पंख्याखाली ठोकळ्याची पाती दिसतच नव्हती. त्यावर नमद्यासारखा करडा थर जमला होता, बोटाने ओढला तर अख्खा निघून आला. खडूची पूड, रस्त्याची धूळ आणि कापसाचे तंतू. शाळेपासून थोड्या अंतरावर जिनिंग आहे. दिवाळीनंतर चार महिने हवेत रुई उडते. आपला जिल्हा कापसाचा, हे भूगोलात शिकवतो, पण तो कापूस आमच्याच कॉम्प्युटरच्या नाकात बसलेला असेल हे डोक्यात आले नव्हते. वणीकडच्या एका सरांनी नंतर सांगितले, त्यांच्याकडे हाच थर काळा निघतो, कोळशाचा.

साफ करताना दोन गोष्टी. रंगकामाचा कोरडा मऊ ब्रश आणि हवेचा ब्लोअर पुरतो, पण ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. तो हवेने भन्नाट फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. आणि ओले फडके अजिबात नाही. पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. हीटसिंक काढून, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, मध्ये हरभऱ्याच्या दाण्याहून लहान इतकी नवी पेस्ट लावली. जास्त लावली म्हणून जास्त थंड होत नाही. पंख्याची एक पातही तुटलेली होती. नवा पंखा आणि पेस्ट यवतमाळहून मागवले, दोन्ही मिळून चारशे रुपयांच्या आत.

तापमान पाहायला बायोसमध्ये जाता येते किंवा एचडब्ल्यू मॉनिटरसारखा मोफत प्रोग्राम असतो. सफाईच्या आधी अर्ज भरतानाच आकडा ९५ च्या वर जात होता. नंतर त्याच खोलीत, त्याच वेळी, ६८. डबा टेबलाच्या खणातून काढून वर ठेवला, मागे वीतभर जागा सोडली. त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत अकरा अर्ज भरले.

इनपेजवर आलेला आळ

पुढचे तीन आठवडे सगळे ठीक. आणि जूनच्या शेवटी, शाळा सुरू झाल्यावर, निळी स्क्रीन. आता रिस्टार्टची खूण काढलेली होती म्हणून ती थांबली. खाली लिहिले होते: कर्नल डेटा इनपेज एरर.

स्टाफरूममध्ये एकच गलका. "देखो, इनपेज का नाम आ रहा है!" उर्दूवाल्यांना सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी: इनपेज हे उर्दू टायपिंगचे सॉफ्टवेअर. नस्तालीकमध्ये प्रश्नपत्रिका, निमंत्रणे, पोस्टर्स, आपल्याकडे सगळे वर्षानुवर्षे त्यावरच होते. आमच्या शाळेतली कॉपी कुणीतरी कुणाकडून तरी आणलेली, त्यामुळे सगळ्यांचा आधीपासून तिच्यावर राग. सदर मुदर्रिस साहेबांनी फर्मावले, इनपेज काढून टाका. आम्ही काढले. दोन दिवसांनी तीच निळी स्क्रीन, तेच इनपेज.

त्या ओळीचा आपल्या इनपेजशी काहीही संबंध नाही. गोष्ट अशी आहे. रॅम म्हणजे शिक्षकाचे टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे कपाट. टेबलावर जागा कमी पडली की विंडोज काही कागद उचलून कपाटात ठेवते आणि लागले की परत आणते. या कागदांना ती "पेज" म्हणते. एक पेज साधारण ४ केबीचे. कपाटातून टेबलावर पेज आत आणणे, ते "इन पेज". विंडोजने कपाट उघडले, हात घातला आणि कागद फाटलेला निघाला किंवा खणच उघडला नाही, की ती हात वर करते आणि ही निळी स्क्रीन देते. म्हणजे गुन्हा बहुधा हार्ड डिस्कचा, तिच्या वायरचा, किंवा क्वचित रॅमचा. इव्हेंट व्ह्यूअरच्या बगचेक कोडमध्ये या वेळी १२२ होता. निळ्या स्क्रीनवर हाच आकडा "सेव्हन ए" असा दिसतो, कारण तिथे सोळाच्या पटीत मोजतात: सात सोळे एकशे बारा आणि ए म्हणजे दहा.

हार्ड डिस्क स्वतःची तब्येत स्वतः नोंदवत असते, त्याला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचा मोफत प्रोग्राम ती नोंद दाखवतो. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध. आमचा पिवळा. त्यात दोन ओळी पाहायच्या. "रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर" म्हणजे डिस्कने खराब म्हणून कायमच्या बाद केलेल्या जागा. "करंट पेंडिंग सेक्टर" म्हणजे ज्या जागा वाचताना अडखळते आहे आणि निर्णय व्हायचा आहे. दोन्ही ० असायला हवेत. दुसरा आकडा आठवड्यात वाढला तर दिवस मोजायला लागा. तिसरी एक ओळ, "सीआरसी एरर", ती मात्र बहुधा डिस्कची नसून तिच्या लाल किंवा काळ्या पातळ वायरीची असते. ती वायर पन्नास-शंभर रुपयांत मिळते, म्हणून ती बदलून पाहणे आधी.

आमची वायर ठीक होती. डिस्कच थकली होती, बारा वर्षांची. फायली मे महिन्यातच बाहेर काढलेल्या, त्यामुळे या वेळी कुणाच्या प्रश्नपत्रिका गेल्या नाहीत. जागी छोटी एसएसडी बसवली. जुन्या मशिनला याहून चांगला खर्च दुसरा नाही असे आमचे मत झाले आहे. आधी चालू व्हायला चार मिनिटे लागत, आता अर्धा मिनिट. इनपेज परत टाकले, या वेळी रीतसर घेऊन.

म्हणजे एकाच देहात दोन आजार होते. उन्हाळ्यातला एक, पावसाळ्यातला दुसरा. आदल्या वर्षीच्या फॉरमॅटने एकाही आजाराला हात लागला नव्हता, कारण दोन्ही सॉफ्टवेअरचे नव्हतेच. व्हायरस फायली खातो, जाहिराती दाखवतो, मशीन मंद करतो. वायर ओढल्यासारखे बंद पडणे हे त्याचे काम क्वचितच. अजून शंका असेल तर पेन ड्राइव्हवर लिनक्स टाकून त्यावरून कॉम्प्युटर चालवून पाहा, डिस्कवर काही न बसवता. लिनक्समध्येही तसाच बंद पडला तर विंडोजचा दोष नाही, यंत्राचा आहे.

रॅम, सेल आणि फुगलेले कपॅसिटर

रॅमचे थोडक्यात. निळी स्क्रीन दर वेळी वेगवेगळे नाव सांगत असेल तर रॅमवर संशय घ्या. पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुकटी झटकून परत बसवा. पावसाळ्यात या दातांवर दमटपणाने थर बसतो. दोन पट्ट्या असतील तर एक-एक लावून पाहा. विंडोजमध्ये "मेमरी डायग्नॉस्टिक" असते. पक्के पाहायचे तर मेमटेस्ट रात्रभर चालवायचा. एकही चूक दाखवली तरी ती पट्टी बाद.

तारीख दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, बदला. त्याने सहसा मशीन बंद पडत नाही, पण तारीख चुकली की सरकारी वेबसाइट "सुरक्षित नाही" म्हणून उघडायला नकार देतात आणि माणूस नेटवाल्याला शिव्या घालतो.

झाकण उघडलेच आहे तर मदरबोर्डवर उभे असलेले छोटे डबीसारखे भाग पाहा. ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यांचा माथा सपाट हवा. पोळीसारखा फुगलेला, किंवा बुडाशी तपकिरी ओघळ आलेला असेल तर तो गेला. यामागे मोठा इतिहास आहे. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या असंख्य मदरबोर्डांत सदोष कपॅसिटर बसवले गेले. आतले द्रव नीट नव्हते, त्यातून वायू होऊन ते फुगत आणि फुटत. जगभरच्या नामांकित कंपन्यांना लाखो बोर्ड बदलून द्यावे लागले. आपल्याकडे त्या काळातले कॉम्प्युटर पुढे सेकंडहँड म्हणून आले, काही अजून हिशेबाच्या टेबलांवर आहेत. चांगल्या कपॅसिटरलाही गरमी मानवत नाही: सर्वसाधारण हिशेब असा, की तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. एखाद-दुसरा फुगला असेल तर टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा जुना मेकॅनिक तेवढ्याच व्होल्टचा नवा लावून देतो. पाच-सहा फुगले असतील तर त्या बोर्डावर पैसे घालू नका.

कुठे थांबायचे

काय बदलले ते एका वेळी एकच बदला. वायर, रॅम, एसएमपीएस सगळे एकाच दिवशी बदलले आणि मशीन चालू लागले, तर रोग कशात होता ते कधीच कळणार नाही आणि चांगला भाग भंगारात जाईल. दुकानात न्यायची वेळ आलीच तर वही आणि निळ्या स्क्रीनचा फोटो सोबत न्या, आणि "फॉरमॅट करायचे असेल तर आधी फोन करा" असे डब्यावर कागद चिकटवून लिहा. आम्ही आता लिहितो.

आमच्या मशिनवर एकूण खर्च दोन हजारांच्या थोडा वर गेला. मदरबोर्ड गेला असता तर आम्ही केला नसता. २०१३ च्या मशिनवर विंडोज ११ रीतसर बसत नाही; तिला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बरेच नवे प्रोसेसर लागतात. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तेव्हापासून आम्ही त्यावर बँकेचे किंवा पगाराचे काम करत नाही. प्रश्नपत्रिका, निकालपत्रके आणि छपाई एवढेच. ऑनलाइन अर्जांसाठी त्यातच शेजारी लिनक्स बसवले आहे. मुलींना दोन दिवसांत सवय झाली, स्टाफला महिना लागला.

डबा आता खिडकीपासून लांब, टेबलावर, बिनकव्हरचा आहे. दिवाळीत आणि होळीच्या सुमारास, म्हणजे कापसाचा हंगाम सुरू होताना आणि संपताना, चाचा त्याचे झाकण उघडून ब्रश मारतात. पंख्याचे पाते बोटाने धरून.